बिबट्याचं तोंड मिटलेलं का? (प्राण्यांत काम केलेल्या आणि चित्रं काढणाऱ्यांसाठी धागा)

गेरू

दिवाळीआधी एका ओळखीच्या कुटुंबाने दिवाणखान्यासाठी बिबट्याचं चित्र सांगितलं होतं. दीड महिना खपून काढलं. उसाच्या बांधावर पोट टेकून बसलेली मादी, पुढचे पंजे एकावर एक, मान पलीकडे वळवलेली, फक्त एक कान आपल्याकडे. चित्र बघून ते गृहस्थ अगदी चांगल्या मनाने म्हणाले, "काम सुंदर आहे हो, पण आम्हाला चिडलेला हवा होता. तोंड उघडं, सुळे दिसणारे. बिबट्या वाटला पाहिजे ना!"

चित्र घरी परत आणलं. त्यांच्यावर राग नाही. पण तेव्हापासून जे मनात घोळतंय ते इथे लिहिते, कारण इथे चित्रकारही आहेत आणि जनावरांत वावरणारेही.

मी नऊ वर्षं बिबट्यांच्या एका बचाव केंद्रात प्राणीरक्षक होते. पिंजरे धुणं, मांस तोलून देणं, औषध मांसात लपवून घालणं, डॉक्टर भूल देतील तेव्हा हाताखाली राहणं, असं काम. मणक्याच्या दुखण्यामुळे दोन वर्षांपूर्वी सोडलं. चित्रकला शाळेपासून होती, पण बिबट्या काढायला लागले ते तिथे गेल्यावर. आणि आधीची चित्रं फाडून टाकावीशी वाटली, तीही तिथे गेल्यावरच.

उघड्या तोंडाचं सांगते. कान मागे चपटे, वरचा ओठ ओढलेला, नाकावर वळ्या, सुळे बाहेर: हे भेदरलेल्या जनावराचं तोंड आहे. "जवळ येऊ नकोस" एवढंच ते सांगत असतं. वर्तमानपत्रात बिबट्याचे जे फोटो येतात ते बहुतेक विहिरीत पडलेल्या नाहीतर सापळ्याच्या पिंजऱ्यात सापडलेल्या जनावराचे. तेच बघून चित्रं निघतात. म्हणजे भिंतीवर आपण ज्याला रुबाब म्हणून टांगतो, तो त्या बिबट्याच्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट दिवस असतो. असे दिवस मी बघितले आहेत. गजांना चावून तुटलेले सुळे, पिंजऱ्यावर डोकं आपटून सोललेलं कपाळ. ते मला सजावट म्हणून रंगवता येत नाही.

भूल दिलेल्या बिबट्याचे डोळे उघडेच राहतात, हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून मलम घालतात आणि वर फडकं टाकतात. ते फडकं धरून डोकं सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं. डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मांडीला रग लागायची. चित्रात बिबट्याची मान बारीक आणि डोकं मांजरीएवढं काढणाऱ्यांना मला ते वजन एकदा हातात द्यावंसं वाटतं. पाठीचे केस मखमली नसतात, राठ असतात. मऊपणा पोटाला आणि कानामागे. कानाची मागची बाजू काळी आणि त्यात पांढरा ठिपका. जनावर पाठमोरं चालत गेलं की तेवढे दोन ठिपके आणि शेपटीच्या टोकाखालचा पांढरा भाग दिसत राहतो. पिल्लं उसात आईच्या मागे कशी राहत असतील ते तिथे कळतं.

आणि खांदा! मांजरकुळात गळ्याजवळचं आडवं हाड नावापुरतंच असतं, त्यामुळे खांद्याचं चपटं हाड मोकळं, जणू मांसात टांगलेलं. दबकत चालताना ते पाठीच्या रेषेच्याही वर येतं, एक उजवं, एक डावं. माझ्या जुन्या चित्रांत पाठ कुत्र्यासारखी सपाट होती. चुकलंय एवढं कळायचं, कुठे ते कळत नव्हतं. रोज सकाळी गजांतून बिबट्याला येरझाऱ्या घालताना बघून सहा महिन्यांनी हात आपोआप सुधारला.

ठिपक्यांचं मात्र बघून भागत नाही, ते मोजावे लागतात. पाठीवर आणि कुशीवर पोकळ कडी असतात, कड्याच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा किंचित गडद. डोक्यावर, मानेवर, पायांवर भरीव ठिपके. पोटाला पांढऱ्यावर मोठे काळे डाग. कड्याच्या आत परत ठिपका दिसला तर समजा की तुमच्या संदर्भाच्या फोटोत दक्षिण अमेरिकेचा जॅग्वार शिरलाय. प्रत्येक बिबट्याची नक्षी वेगळी, आणि एकाच बिबट्याची डावी कूस उजवीसारखी नसते. कॅमेरा ट्रॅपवाले (जंगलात आपोआप फोटो घेणारे कॅमेरे लावणारे) ओळख पटवतात ती यावरूनच. म्हणून "ठिपके काय, कसेही टाका" असं कुणी म्हटलं की मला कुणाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचे डोळे चिकटवल्यासारखं वाटतं.

माझी एक मादी होती (माझी म्हणजे माझ्या पाळीतली). केंद्रात आठवड्यातून एक दिवस उपास असतो. त्या दिवशी ती मांसाच्या वेळेला दाराशी येऊन बसायची, दार उघडत नाही कळल्यावर पाठ फिरवायची आणि पंजे एकावर एक ठेवून डोंगराकडे बघत राहायची. परत आणलेलं चित्र तिचं आहे. फक्त पिंजरा काढून तिथे बांध घातलाय. तेवढं खोटं मी मुद्दाम केलं.

तुमच्यापैकी कुणी प्राण्यांत काम करून चित्रं काढतं का? हाताने शिकलेलं चित्रात कसं उतरतं? लिहा.

पाणकणीस

वाचताना मांडीवर वजन जाणवलं. दोन तांत्रिक प्रश्न. १) जलरंगात ठिपक्यांना काळा वापरता का? माझे ठिपके नेहमी वर चिकटवल्यासारखे दिसतात. २) मिशा कशा सोडता? माझ्याकडे आजोबांचा मुंगसाच्या केसांचा ब्रश आहे, त्याच्यासारखी रेघ कशानेच येत नाही. हल्ली मिळत नाही म्हणून जपून वापरतो.

लेन्सवाला

लेख आवडला, पण थोडा असहमत. फोटोवरून काढण्यात कमीपणा काय? सगळ्यांना बिबट्याचं डोकं मांडीवर घ्यायला मिळणार नाही. जंगलात तर ते कुणी घेऊही नये.

गेरू

लेन्सवाला, कमीपणा काहीच नाही, मीही फोटो वापरते. पण लांबच्या लेन्सने अंतर दबतं. पुढचा पंजा आणि मागचा पाय एकाच पातळीवर आल्यासारखे दिसतात आणि आपण ते तसंच उतरवतो. ते सुधारायला समोरचं जनावर लागतं. घरचं मांजर घ्या. खांदा तोच, फक्त डोळ्याची बाहुली निराळी. मांजराची उजेडात उभी चीर होते, बिबट्याची गोलच राहते.

पाणकणीस, काळा नळीतून थेट कधीच घेत नाही. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळते, उजेडाच्या बाजूला तपकिरी जास्त, सावलीत निळा जास्त. आधी यलो ऑकर आणि रॉ सिएना ओल्यावर ओलं सोडते, अंगाचा गोलवा तिथेच पुरा करते. ठिपके नंतर, कागद किंचित दमट असताना, म्हणजे कड फुटते आणि केसात मुरल्यासारखी दिसते. कुशीच्या मधलं कडं गोल, पोटाकडे वळताना लांबट, पाठीच्या कण्यापाशी दबलेलं. ठिपके अंगाबरोबर वळले नाहीत तर जनावर चादर पांघरल्यासारखं दिसतं. डोळ्यात वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, ती विसरू नका. नाहीतर काचेचे डोळे होतात. मिशांना मास्किंग फ्लुइड (कागदाचा तेवढा भाग रंगापासून झाकणारं, नंतर खरडून काढता येणारं द्रव), नाहीतर शेवटी ब्लेडच्या टोकाने कागद हलका खरवडायचा. ३०० जीएसएमचा सुती कागद असेल तर तो हे सोसतो.

आता ब्रश. हे मनापासून सांगते, रागावू नका. तो वापरू नका. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. त्याच्या केसांचा ब्रश विकणं, घेणं, बाळगणंही गुन्हा आहे. २०१९ मध्ये 'क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे पडले ते याचसाठी. हे केस कुणी विंचरून काढत नाही, मुंगूस फासात धरून मारतात. ओळखायची खूण म्हणजे केसाचं टोक गडद तपकिरी आणि मधे फिकट पट्टा. आजोबांच्या काळी कुणाला हे माहीत नसणार, त्यांना दोष नाही. पण एका जनावराच्या मिशा काढायला दुसऱ्याचे केस नकोत. वनविभागाच्या कार्यालयात नेऊन द्या. सिंथेटिक रिगर ब्रशने (बारीक, लांब केसांचा) लांब रेघ छान येते, फक्त रंग पातळ ठेवा.

पाणकणीस

माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आठवण म्हणून जीव अडकतोय, पण सोमवारी नेऊन देतो.

मनगट

मी पुण्यात पक्ष्यांच्या उपचार केंद्रात रविवारी जातो, बारा वर्षं झाली. संक्रांतीच्या आसपास घारी येतात, मांज्याने कापलेल्या. जखम बहुतेक एकाच जागी: खांदा ते मनगट या भागात पंखाच्या पुढच्या कडेला जी कातडी ताणलेली असते, तिथे. ती फाटली की शिवूनही पंख पूर्वीसारखा उघडेलच असं नाही.

घारीचा पंख धरून पट्टी बांधताना पिसं मोजली जातातच. टोकाची मोठी पिसं एका पंखाला दहा. कुठल्याही दुकानातलं गरुडाचं नाहीतर घारीचं चित्र बघा, सात असतात किंवा पंधरा. मनगटापाशी अंगठ्यासारखी छोटी पिसं असतात, उतरताना ती उभी राहतात. चित्रात तेवढी उभी केली की घार उडतेय का उतरतेय ते लगेच कळतं. शेपटीची खाचही तशीच. मिटलेली असताना स्पष्ट, पूर्ण पसरली की जवळजवळ सरळ. माझ्या सुरुवातीच्या चित्रांत पसरलेल्या शेपटीलाही दुभंग होता, कारण पुस्तकात "दुभंगलेली शेपटी" असं वाचलं होतं.

तुमच्या उघड्या तोंडाच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. घार चोच उघडी ठेवून आपल्याकडे बघते तेव्हा ती घाबरलेली किंवा उकाड्याने धापा टाकणारी असते. मी आता फक्त सोडल्यानंतरची घार काढतो. पाठमोरी, लहान होत जाणारी. घरचे म्हणतात चित्रात नुसतं आभाळच आहे.

थेम्सकाठी_मालवणी

लंडनहून. तुमचं वाचून उस्ताद मन्सूरची आठवण झाली. जहांगीर बादशहाचा चित्रकार, 'नादिर-उल-अस्र' ही पदवी त्याला बादशहानेच दिलेली. इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे त्याचं टर्की कोंबड्याचं चित्र आहे. तो पक्षी बादशहाकडे कुठून आला? आपल्या गोव्याहून! १६१२ मध्ये बादशहाचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याच्या बंदरातून जी नवलाची जनावरं नेली त्यांत तो होता. अमेरिकेतला पक्षी, पोर्तुगीज गलबतातून गोव्यात, तिथून आग्र्याला. आमच्याकडे अजून त्याला 'पेरू' म्हणतात, तो पोर्तुगीजच शब्द.

जहांगीरने आठवणींत लिहून ठेवलंय की या कोंबड्याच्या डोक्या-गळ्याचा रंग कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी फिरोजी होतो. एका भेटीत हे दिसत नाही. कुणीतरी त्याच्यापाशी बसून राहिलं असणार. चित्रात गळ्याच्या लोंबत्या कातडीची एकेक सुरकुती आहे, आणि कोंबडा नुसता बाजूने उभा आहे. ना झुंज, ना शिकार. १६२१ मध्ये झेब्रा आला तेव्हा लोकांना वाटलं पट्टे कुणी रंगवलेत. तपासून बघितले तेव्हा खरे निघाले. त्याचंही मन्सूरने चित्र केलं. तेही शांत उभं.

जुन्नरचा_शेतकरी

ताई, दोन दिवस वाचतोय. लिहू का नको असं झालं होतं, पण लिहितो.

तुमचं चित्र चांगलं असंल. पण आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. पाणी धरायला मी बॅटरी घेऊन एकटा जातो. गेल्या साली माझी कालवड वाघाने गोठ्यातून नेली. (आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो.) शेजारच्या गावात एक लहान पोर गेलं. त्या घरी मी जाऊन आलो. अंगणात चूल तशीच होती. तिथून आल्यावर कुणी शांत बसलेला वाघ दाखवला की माझ्या पोटात खड्डा पडतो. तुम्ही शहरातली माणसं त्याला गोजिरवाणा करता आणि आम्ही भिलो की आम्हालाच अडाणी म्हणता. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण असं म्हणणारे पुष्कळ बघितलेत.

गेरू

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या भीतीला अडाणी म्हणणाऱ्यांत मी नाही. केंद्रात असताना मीही अशा एका घरी पथकाबरोबर गेले आहे. आई बोलत नव्हती, आजी आम्हाला पाणी देत होती. ते पाणी घशाखाली उतरलं नाही. त्या दिवसानंतर तीन महिने मी एकही बिबट्या काढला नाही.

तरी एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते, आणि चूक वाटली तर तसं सांगा. तोंड उघडून गुरगुरणारा बिबट्या आपण आहोत हे सांगून मोकळा होतो. माणूस मागे सरकतो. ज्याच्यापासून धोका तो गुरगुरत नाही. तो तोंड मिटून, जमिनीला पोट लावून, एकही पान हलू न देता बसलेला असतो. उभ्या माणसापेक्षा वाकलेल्या, बसलेल्या माणसाला आणि लहान मुलाला तो सावज समजण्याची शक्यता जास्त. म्हणजे डरकाळीवालं चित्र तुमच्याही कामाचं नाही. तुमच्या मुलांना बिबट्या म्हणजे सुळे आणि आवाज एवढंच माहीत असेल, तर उसाच्या कडेला गप्प बसलेला त्यांना दिसणारच नाही.

गोजिरवाणा मलाही नको. केंद्रातल्या सगळ्यांना ताकीद असायची की पिल्लांना लाडाने हाक मारायची नाही. ऊसतोडीत पिल्लं सापडली की आम्ही ती रात्रीच्या आत त्याच शेतात खोक्यात ठेवायचो, आणि बहुतेक वेळा आई येऊन घेऊन जायची. कॅमेऱ्यात ते बघितलंय. ती येते, खोक्याभोवती फिरते, पिल्लाला मानेला धरते आणि जाते. आपल्याकडे बघतसुद्धा नाही. तिच्या लेखी आपण नसतोच, आणि ते तसंच राहिलं पाहिजे. माझ्या चित्रातली मान वळलेली आहे ती त्यासाठी.

वेताची_काडी

मी जव्हारजवळ शाळेत शिकवतो. आमच्याकडे वाड्यांच्या वेशीवर वाघोबा आहेत. लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. वाघबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, त्याची पूजा होते, नैवेद्य होतो. एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं, याला भिता का? म्हणाले, "भितो म्हणून तर पुजतो. तो त्याच्या वाटेनं जावा, आम्ही आमच्या." जुन्नरच्या दादांची भीती आणि ताईंची वळलेली मान, मला दोन्ही त्या फळीवर दिसतात.

वारली चित्रांतही बघा. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी (२०११ ची पद्मश्री) तांदळाच्या पिठाने आणि काडीने जे प्राणी काढले ते माणसांच्या गर्दीत, त्याच मापाने, आपापल्या कामात असतात. कुणी कुणाकडे रोखून बघत नाही. गुरं राखलेल्या, रानात हिंडलेल्या माणसाचा तो हात आहे.

सह्यकडा

'आजोबा' बिबट्याचं कुणी लिहिलं नाही अजून. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढला, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. तिथून चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, साधारण १२० किमी. शांत स्वभावावरून बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने नाव ठेवलं आजोबा. वाटेत रेल्वेमार्ग, हमरस्ते, वस्त्या. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदरच्या बाजूला गाडीखाली गेला. ताई, हा काढा ना कधी. रात्री रूळ ओलांडताना.

गेरू

सह्यकडा, दोनदा सुरुवात केली. रूळ जमतात, खडी जमते, तो जमत नाही. पट्ट्याने मानेचे केस कसे दबतात ते मला आठवणीतून नीट येत नाहीये. पण सोडलेला नाही.

जुन्नरचा_शेतकरी

ताई, तुम्ही लिहिलं ते रात्री घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, गप्प बसलेला खरा, हे बरोबर आहे. कालवड नेली तेव्हा कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर सध्या एक वाघ आहे, जीभ बाहेर काढलेला, पिवळाधमक. पोरं त्याच्यापुढं फोटो काढतात. तुम्हाला जमलं तर तिथं खरा काढता का? उसात बसलेला. पोरांना शोधावा लागंल असा. गुरुजींना मी विचारतो. गाडीभाडं आणि रंग गाव देईल.

गेरू

दादा, येते. रंगाचे पैसे चालतील, गाडीभाडं नको. मणक्यामुळे उंच शिडीवर चढता येणार नाही, म्हणून जमिनीपासून पाच फुटांच्या आत काढेन. तसंही बिबट्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवरच हवा. बाजूला बॅटरी घेतलेली माणसं काढायची, दोघं, एकटं कुणी नाही.

भिंत किती लांब आहे, आणि आधीचा रंग चुन्याचा आहे की ऑइल पेंट? चुना असेल तर खरवडून धुवावा लागेल आणि दोन दिवस वाळू द्यावा लागेल. आणि आत्ता तोडणी चालू आहे ना? मग उभा ऊस असलेलं एखादं शेत आधी बघायला लागेल, दुपारच्या उजेडात. पात्यांची सावली मला अजून नीट येत नाही.

मनगट

शनिवार-रविवार असेल तर मी पुण्याहून येतो. वरच्या बाजूला आभाळ उरलं तर एक घार काढतो. दहा पिसांची.